हवेतली वाट का तुंबते?

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



या घडीला माझा आवाज तुमच्यापर्यंत हवेतूनच पोचतो आहे. ऐकणारे शंभर असोत की लाख, कुणाच्या वाट्याला तो कमी येत नाही. शेजारच्या घरात रेडिओ सुरू झाला म्हणून तुमचा रेडिओ अडखळत नाही. मग घरातलं वायफाय तेवढं का अडखळतं? तेही बिनतारीच आहे, तेही रेडिओच्याच लहरींवर चालतं. पण घरात चौघांनी मोबाइल उघडले की ते मान टाकतं, आणि एखादी मोठी फाइल कुणाला पाठवायची म्हटली की पडद्यावरची ती हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकते. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाची आणि माझी ओळख दहावीच्या परीक्षेपुरती. कविता लिहितो. कवितेला वेगाची गरज पडत नाही. माझा एक आख्खा कवितासंग्रह साध्या मजकुराच्या रूपात दीडशे केबींत मावतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो जगाच्या टोकाला जाईल. वेगाची गरज मला पडली ती खालाच्या आवाजामुळे.

माझी खाला, म्हणजे आईची थोरली बहीण, बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहायची. जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, अस्सल मराठीत. आमच्याकडच्या मुसलमान बायका ओव्या म्हणत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतही मुसलमान बायकांच्या ओव्या आहेत. तर १९८८ ते १९९१ या काळात आमच्या धाकट्या मामूंनी एका टेपरेकॉर्डरवर खालाच्या आणि तिच्यासोबत दळायला बसणाऱ्या बायकांच्या ओव्या उतरवून घेतल्या. साठ-साठ मिनिटांच्या चाळीस कॅसेट. खाला गेली, मामूही गेले. कॅसेट माझ्याकडे आल्या. फीत चिकटायला लागली होती, म्हणून मी त्या संगणकावर घेतल्या.

आता प्रश्न पुढचा. या ओव्या म्हणणाऱ्या बायका कोण, हे सांगू शकणारं एकच माणूस उरलं आहे. ती खालाची मुलगी. आम्ही तिला आपा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, मुक्काम पुण्याला मुलाकडे. स्मरण आता विरत चाललं आहे. सकाळी काही विचारलं तर गोंधळते. संध्याकाळी, मगरीबच्या आधी तासभर मात्र डोकं लख्ख असतं. त्या तासात तिला आवाज ऐकवायचा, ती नावं सांगेल, अडलेला शब्द सांगेल, ते तिच्या मुलाने म्हणजे माझ्या भाच्याने लिहून आणि रेकॉर्ड करून मला परत पाठवायचं. तिचा दुसरा मुलगा सौदीत दम्मामला असतो, त्यालाही एक प्रत हवी होती. म्हणजे सोलापूर, पुणे आणि दम्माम अशा तीन घरांत एकच फोल्डर वाटून घ्यायचं होतं. हे काम तीन आठवडे रखडलं, आणि तिकडे आपाचा रोजचा एक तास वाया जात होता. म्हणून मी या यंत्रांच्या मागे लागलो. त्यातून जे कळलं ते सांगतो. तुमच्या घरी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग असेल, कुणाचे एक्स-रे-एमआरआय असतील, हिशेब असतील. दुखणं तेच असतं.

सगळ्यात आधी भागाकार शिकायचा. केबलवाला सांगतो, 'चाळीस एमबीपीएसचा प्लॅन आहे.' यातला बी 'बिट'चा आहे. फाइल मोजतात त्या 'बाइट'मध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे चाळीस एमबीपीएसला सेकंदाला फार तर पाच एमबी. जो हा भागाकार करत नाही, त्याला आपण आठपट फसवले गेलो असं वाटत राहतं.

दुसरं, हा आकडा बहुधा खाली येणाऱ्या वाटेचा असतो. वर जाणारी वाट वेगळी, आणि कित्येक जोडण्यांमध्ये ती पुष्कळ अरुंद असते. आपण सिनेमा बघतो तेव्हा माल खाली येतो. फाइल पाठवतो तेव्हा वर जातो. माझ्याकडे खाली चाळीस आणि वर दहा होते. दहाला आठाने भागा, सेकंदाला सव्वा एमबी. सीडीच्या दर्जाचा आवाज तासाला साधारण ६३५ एमबी जागा घेतो. चाळीस तासांचे झाले पंचवीस हजार चारशे एमबी. सव्वाने भागलं की साडेपाच-पावणेसहा तास. ही माझी सर्वोत्तम शक्यता. प्रत्यक्षात मला मिळत होता सेकंदाला शंभर केबी, म्हणजे सत्तर तास. आणि मध्येच वीज गेली की हरी हरी.

कुणी म्हणेल, मग पेन ड्राइव्ह एस.टी.ने पाठवायचा होता. मी तोही हिशेब केला. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, साधारण पाच तास. पाच तासांत पंचवीस जीबी म्हणजे आपली लाल एस.टी. सेकंदाला अकरा एमबिट वेगाने धावते! माझ्या वर जाणाऱ्या वाटेपेक्षा जास्त. थट्टा सोडा, एकदाच आणि एकाच दिशेने पाठवायचं असेल तर हा मार्ग उत्तम आहे आणि तो वापरायला लाजू नये. पण आमचं रोजचं येणं-जाणं होतं, आणि दम्मामला एस.टी. जात नाही.

आता खरी तपासणी. वैद्य नाडी बघतो तसं इथे एकच काम पहिलं करायचं. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडायचा आणि वेग मोजायचा. मग वायर काढून वायफायवर, नेहमीच्या जागेवरून, पुन्हा मोजायचा. वायरवरही वेग मंद असेल तर दोष घराबाहेरच्या जोडणीत, पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा समोरच्याच्या घरात. वायरवर वेग चांगला आणि हवेतून मंद असेल तर दोष घरातल्या हवेत. ही एक चाचणी केली नाही तर माणूस महिनाभर चुकीच्या माणसाशी भांडत राहतो. मी केबलवाल्याकडून वीस मीटर वायर मागून आणली. वायरवर पूर्ण दहा एमबीपीएस. हवेतून एकसुद्धा नाही.

आमचं घर जुनं आहे, माळवदाचं. भिंती दगडमातीच्या, दोन फूट जाड. उन्हाळ्यात त्यांच्यासारखं सुख नाही. पण वायफायची लहर साडेबारा सेंटीमीटरची, जेमतेम अर्ध्या वितीची. आकाशवाणीच्या मीडियम वेव्हची लहर शेकडो मीटर लांब असते, ती घरंदारं ओलांडून येते. अर्ध्या वितीची लहर दोन फूट दगडात शिरते ती दमूनच बाहेर पडते. लाकडी दार तिला चालतं. दगड, सळ्यांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे तिचे वैरी. आणि राउटर होता कुठे? बाहेरच्या सोप्यात, कोनाड्यात, लोखंडी कपाटाला खेटून. लॅपटॉप मागच्या माजघरात. वायरमनने त्याच्या सोयीने खोका जिथे ठोकला तिथेच तो वर्षानुवर्षं राहतो, हे आपल्याकडच्या निम्म्या घरांचं दुखणं असावं.

खोका उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्याकडे असावा. मी तो कोनाड्यातून काढून दाराच्या चौकटीजवळ उंचावर लावला, जिथून दारातून सरळ माजघर दिसतं. वेग तिप्पट-चौपट झाला. खर्च शून्य.

वायफाय रेडिओसारखं का वागत नाही, ते इथे सांगतो. रेडिओवर बोलणारा एक, बाकी सगळे ऐकणारे. वायफायमध्ये प्रत्येक जण बोलतोही. आणि नियम असा की एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलायचं. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं. कुणी बोलत असेल तर थांबतं, शांत झालं की बोलतं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं, दोघे पुन्हा थांबतात. शिस्तबद्ध ग्रामसभाच म्हणा. त्या सभेत एखादा कोपऱ्यातला, जुनाट, लांबचा मोबाइल असला तर तो अडखळत, सावकाश बोलतो. तो बोलून होईपर्यंत जलद बोलणाऱ्यांनाही गप्प बसावं लागतं. म्हणून खोक्यावर छापलेला वेग हातात पडत नाही. २००३ साली जे वायफाय ५४ एमबीपीएसचं म्हणून आलं, त्यात प्रत्यक्ष फाइल विसेक एमबीपीएसच्या आसपासच जायची.

घरातल्या घरात, या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर फाइल टाकताना दोन्ही वायफायवर असतील तर हाच माल हवेतून दोनदा जातो. एकदा इथून राउटरकडे, मग राउटरकडून तिकडे. वेग निम्मा. दोघांतल्या एकाला वायर लावली तरी ही निम्म्याची कटकट मिटते.

आणि या सभेत शेजारीही बसलेले असतात. जुन्या पद्धतीचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. आपल्याकडे हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. त्यात १ ते १३ अशी चॅनेल्स आहेत, पण ती एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेली आहेत. एकमेकांना धक्का न लावता बसणारी फक्त तीन, १, ६ आणि ११. माझ्या भाच्याच्या कोंढव्यातल्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर यादी उघडली तर सत्तावीस घरांची वायफाय दिसली. तीन बाकांवर सत्तावीस जण. त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो. त्याची ताकद शेकड्याने वॉट, आणि घरगुती राउटरची वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढी. ओव्हनमधून जे चिमूटभर झिरपतं तेवढंही त्याला पुरतं. भाच्याच्या घरी संध्याकाळी सातला दूध गरम व्हायचं आणि फाइल थांबायची, याचं कोडं असं सुटलं.

यावर उतारा दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झचा. आपल्याकडे २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्यातून मोकळा झाला. तिथे जागा ऐसपैस, मार्ग जास्त, ओव्हनचा त्रास नाही. मात्र लहर आणखी आखूड, पाच-सहा सेंटीमीटरची, त्यामुळे भिंतीपुढे ती लवकर हात टेकते. हिशेब सोपा आहे. एकाच खोलीत असाल तर पाच, भिंतीपलीकडे असाल तर दोन पॉइंट चार. पुष्कळ राउटर दोन्ही देतात, फक्त मोबाइल किंवा लॅपटॉपवर योग्य नाव निवडायचं. भाच्याने पाचचं निवडलं आणि त्याच्याकडचं काम भागलं.

आमच्या माजघरात मात्र अजून एक गंमत बाकी होती. ओव्या ठेवल्या होत्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. ती जोडली की वायफाय मंद, काढली की बरं. हे भुताटकीसारखं वाटतं, पण कारण साधं आहे. यूएसबी ३.० म्हणून जी जलद जोडणी आली, तिच्या वायरीतून आणि खोक्यातून रेडिओचा जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये याची तपासणी करून ते छापलं आहे. डिस्क लॅपटॉपला चिकटून न ठेवता चांगल्या, आवरण असलेल्या वायरने हातभर लांब ठेवली, की फरक पडतो. आम्हाला पडला.

एवढं केल्यावर शेवटी मी वीस मीटर वायर विकतच घेतली आणि भिंतीच्या कडेने माजघरापर्यंत ठोकून टाकली. जे यंत्र एका जागी बसून जड माल वाहतं त्याला वायर द्यावी, जे हातात घेऊन फिरतो त्याला हवा द्यावी. यात बिनतारीचा कमीपणा नाही. मुळात घरातल्या घरात रेडिओलहरी चालवणं किती अवघड होतं बघा. खोलीत लहर भिंतींवर आदळून तिचे प्रतिध्वनी होतात, आणि ते एकमेकांत मिसळून शब्द पुसट करतात. या प्रतिध्वनींतून मूळ शब्द वेचण्याची एक महत्त्वाची युक्ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतल्या जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. १९९६ मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. ओ'सलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. १९७०च्या दशकात ते फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांची आकाशातली हाक शोधत होते. ती सापडली नाही. पण पुसट हाक वेचायचं ते गणित पुढे घरातल्या वायफायच्या कामी आलं. मला कवी म्हणून हे फार आवडतं.

आता वायरवर वेगमापनात पूर्ण दहा दिसायला लागले. आणि तरी फोल्डर पुण्याला जाताना दोनशे केबीच्या वर जाईना! म्हणजे हवेचा दोष संपला होता आणि दुसरा सुरू झाला होता. एका आजाराच्या आड दुसरा लपलेला असतो तसं.

यासाठी वाटून घेण्याची पद्धत समजून घ्यावी लागते. आम्ही वापरत होतो तो प्रोग्रॅम सावडीच्या तत्त्वावर चालतो. आज माझं रान, उद्या तुझं, अशी खेड्यातली सावड तुम्हाला ठाऊक आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली काढलेली बिटटोरंट ही पद्धत म्हणजे फाइलींची सावडच. फाइलचे लहान लहान तुकडे करायचे. ज्याच्याकडे जो तुकडा आला त्याने तो पुढच्याला द्यायला लागायचं. पुण्याला पोचलेला तुकडा दम्मामच्या भाच्याने पुण्याहूनही घ्यावा, सगळा भार सोलापूरवर नको. वीज गेली तर पोचलेले तुकडे वाया जात नाहीत, उरलेलेच घ्यायचे. या पद्धतीचं नाव चोरट्या सिनेमांमुळे बदनाम झालं, आणि दुसऱ्याच्या हक्काचा सिनेमा असा वाटणं हा गुन्हाच आहे. पण लिनक्ससारख्या मोफत प्रणाली उघडपणे अशाच वाटल्या जातात. इंटरनेट आर्काइव्ह हे मोठं ग्रंथालयही २०१२ पासून आपला संग्रह या मार्गाने देऊ लागलं. सुरी भाजी चिरायलाही लागते.

सावडीला एक गोष्ट लागते. दार उघडं असावं लागतं. घरातला राउटर हा कडक वॉचमन असतो. आतला माणूस बाहेर गेला तर त्याला परत आत घेतो, पण बाहेरून अनोळखी कुणी आला तर दारातूनच परत पाठवतो. आता सोलापूरचा वॉचमनही तसाच आणि पुण्याचाही तसाच. दोन्ही दारं बंद, कुणी कुणाकडे जायचं? असे प्रोग्रॅम वॉचमनला चुकवून भेट घडवायचा प्रयत्न करतात. तो फसला की तिसऱ्याच गावच्या एखाद्या मध्यस्थ संगणकाकडे माल नेऊन टाकतात आणि समोरचा तिथून उचलतो. मध्यस्थाची वाट अरुंद, म्हणून दोनशे केबी.

त्यात आणखी एक गाठ. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले ते २०११ मध्येच वाटून संपले. म्हणून पुष्कळ पुरवठादार अख्ख्या मोहल्ल्याला मिळून एकच पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांमध्ये सुरू होत असेल तर समजावं की आपण अशा सामाईक वाड्यात राहतो. तिथे आपल्या खोलीचं दार उघडून काही होत नाही, कारण वाड्याचा दरवाजा दुसऱ्याच्या हातात असतो. माझा पत्ता तसाच निघाला. भाच्याचा स्वतंत्र निघाला. मग त्याच्या राउटरमध्ये त्या प्रोग्रॅमपुरतं एकच दार उघडायला सांगितलं, याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं की पुरतं, दुसरा चालत जातो. त्या संध्याकाळी पट्टी पहिल्यांदा नीट पळाली. दोघांचेही पत्ते सामाईक असतील तर पुरवठादाराकडे स्वतंत्र पत्ता किंवा आयपीव्ही६ हा नव्या पद्धतीचा पत्ता मागावा.

पट्टी पळाली आणि आतून लेकीची हाक आली, 'अब्बा, माझा ऑनलाइन क्लास थांबला!' हा शेवटचा धडा. इंटरनेटवर बहुतेक वेळा आलेल्या पुडक्यांची पोच द्यावी लागते. आपल्याला खाली काही येत असलं तरी त्याची पोच वरच्या वाटेनेच जाते. ती वाट मी ओव्यांनी काठोकाठ भरली होती. पोच अडकली, म्हणून समोरचा माल पाठवायचा थांबला. यावर इलाज असा की प्रोग्रॅममध्ये वर पाठवायच्या वेगाला मर्यादा घालायची, आपल्या वाटेच्या साधारण ऐंशी टक्के. दहापैकी आठ मी घेतले, दोन घराला सोडले. एका वेळी किती घरांशी बोलायचं, त्यालाही मर्यादा घालावी. स्वस्तातले राउटर शेकडो जोडण्यांनी गुदमरतात. आणि वायफायला चांगला पासवर्ड ठेवावा, नाहीतर आपल्या सावडीत अख्खी गल्ली फुकट जेवते.

आठ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबी. सत्तर तासांचं काम सात तासांवर आलं. रात्री लावलं की सकाळी झालेलं.

पण श्रोतेहो, वेगापेक्षाही उपयोगी पडली ती एक साधी विचारणा. कुणाला काय लागतं? मूळ आवाज जपायचा तर एक कणही गमावून चालत नाही. त्यासाठी फ्लॅक नावाची बांधणी आहे, ती आवाजाला धक्का न लावता फाइल बरीच लहान करते, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. आपाला मात्र फक्त ऐकायचं होतं. तिच्यासाठी साध्या एमपी३ केल्या, त्या मूळच्या अकराव्या हिश्शात बसल्या. चाळीस कॅसेट मिळून सव्वादोन जीबीच्या आसपास. आपाचं आधी पाठवलं, जपायचं मागून निवांत जात राहिलं.

त्या तासांतून काय मिळालं? कॅसेटमध्ये सहा आवाज आहेत. त्यांतले पाच आपाने ओळखले. खालाच्या समोर बसून जात्याचा खुंटा धरणारी जी बाई आहे, जिचा आवाज मला नेहमी खालाचाच वाटायचा, ती शेजारच्या माळ्याच्या घरातली सून निघाली. दोघींनी वीस वर्षं एका जात्यावर दळलं होतं, त्यामुळे श्वास घ्यायची जागासुद्धा एक झाली होती. आपा म्हणाली, 'श्वास बघ. अम्मी ओवी संपल्यावर श्वास घेते, ही मध्ये घेते.' हा फरक मंद, तुटक पोचलेल्या आवाजात ओळखू आला नसता. सहावा आवाज एका कोवळ्या मुलीचा आहे, दोनच ओव्यांपुरता. तो आपाला ओळखता आला नाही. रोज एकदा ऐकते आणि म्हणते, 'उद्या आठवेल.' आम्ही तिथे नाव न लिहिता जागा मोकळी ठेवली आहे.

तुमच्याही माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात अशा कॅसेट असतील. चुंबकीय फीत कायम टिकत नाही, आणि ती ऐकून 'ही कोण' ते सांगणारी माणसंही टिकत नाहीत. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी आठाने भागा. वर जाणारी वाट किती रुंद ते विचारा. वायर लावून बघा. खोका कोनाड्यातून बाहेर काढा. मोकळा पट्टा निवडा. दार उघडं आहे का पाहा. वाट काठोकाठ भरू नका. एवढं करून नाहीच जमलं तर पेन ड्राइव्ह खिशात घाला, सकाळची एस.टी. पकडा आणि स्वतःच जाऊन ऐकवा.